रात्री तीनच्या शिफ्टला उपग्रह कसा दिसतो?

बुरोंडीकर · रात्री १०.५२

गणपतीला गावी आलो तो अजून इथंच आहे. काल हर्णै बंदरात चुलतभावाच्या होडीवर बसलो होतो, भाऊ नव्या इंजिनाला शिव्या मोजत होता. डिझेल फिल्टर बसवलाय टाकीच्या मागे, फळीला चिकटून. बदलायचा तर हात खांद्यापर्यंत आत घालायचा, डोळ्यांना काही दिसत नाही, पाना पाव फेरा फिरतो की अडतो, काढून परत लावायचा. जेट्टीला बांधलेल्या होडीत वीस मिनिटांचं काम. भाऊ म्हणाला, "ज्यानं हे बसवलं ना, त्याला एकदा पावसाळी वाऱ्यात बाहेर नेऊन सांगतो, बदल."

मला माझी जुनी नोकरी आठवली. काही वर्षं उपग्रहांच्या कंट्रोल रूममध्ये शिफ्टा केल्यात (कुठे ते विचारू नका). पृथ्वीजवळून फिरणारा उपग्रह एका केंद्राला एका वेळी नऊ-दहा मिनिटं दिसतो. दिवसाला असे चारेक पास. बोलायचं ते तेवढ्यात.

एका रात्री बॅटरी गार पडायला लागली. हीटर चालू करायचा होता. त्याची प्रक्रिया अकरा पायऱ्यांची, आणि प्रत्येक पायरीनंतर टेलिमेट्रीत (उपग्रहाकडून येणाऱ्या आकड्यांत) उत्तर येईपर्यंत थांबायचं. आठव्या पायरीला उपग्रह क्षितिजाखाली गेला. पुढच्या पासला पुन्हा पहिल्यापासून. या वेळी पूर्ण झालं, पडद्यावर हिरव्या अक्षरात 'हीटर चालू' आलं. मी वहीत लिहिलं, सही केली, चहा प्यायलो. सकाळी बॅटरी आणखी गार.

त्या हिरव्या अक्षरांचा खरा अर्थ होता 'रिलेला (वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचला) आदेश मिळाला'. रिले हलला की नाही, तारेतून वीज गेली की नाही, हे त्या अक्षरांना माहीतच नव्हतं. आमच्या सीनियर बाईंनी आल्या आल्या एकच आकडा पाहिला, मुख्य लाइनचा करंट. आदेशाआधी जेवढा, नंतरही तेवढाच. म्हणजे हीटर बंद. मग पर्यायी हीटर लावला आणि निभावलं. पण त्या आकड्याकडे बघा असं अकरा पायऱ्यांत एकाही ठिकाणी लिहिलेलं नव्हतं.

डिझाइनच्या बैठकांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "ते ऑपरेशनवाले बघून घेतील." यान कसं उडवायचं यावर वर्षानुवर्षं खल होतो, पण उडाल्यावर दहा वर्षं रोज त्याच्याशी बोलायचंय ते कोणी, किती वाजता, किती झोप झालेल्या माणसानं, हा विचार शेवटच्या महिन्यात. यावर बोलू या का? उदाहरणं माझ्याकडे आहेत, तुमचीही येऊ द्यात.

शेवग्याची_शेंग · रात्री ११.३०

मस्त धागा! मी मालवणात शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे प्रश्न शाळकरीच आहे. हिरवा दिवा खोटं बोलतो असं दुसरीकडे कुठे झालंय का? मुलांना सांगायला बरं पडेल.

बुरोंडीकर · रात्री ११.४८

ताई, अमेरिकेतलं थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्र, २८ मार्च १९७९. दाब सोडणारी झडप उघडी अडकली होती. नियंत्रण कक्षातला दिवा मात्र फक्त एवढंच सांगत होता की झडप बंद करण्याचा इशारा गेलाय. माणसांनी त्याचा अर्थ 'झडप बंद आहे' असा घेतला आणि पाणी निघून जात राहिलं. आमच्या हीटरची थोरली बहीण.

चिकित्सक_चंद्या · सकाळी ७.१५

गोष्ट छान, पण जरा दुसरी बाजू. प्रत्येक गोष्टीला सेन्सर लावायचा म्हटलं तर तारा वाढतात, वजन वाढतं, आणि सेन्सरही बिघडतात. हीटरला करंटचा सेन्सर असता तर एखादी रात्र 'हीटर चालू आहे पण सेन्सर नाही म्हणतोय' यात गेली असती. यान म्हणजे काही काजूची फॅक्टरी नाही, ग्रॅमागणिक हिशेब असतो. ऑपरेशन सोपं करा हे बोलायला सोपं.

बुरोंडीकर · सकाळी ९.०५

चंद्या, मान्य. पण मी 'जास्त लावा' म्हणत नाहीये. कित्येकदा उपाय फुकट असतो, फक्त वेळेवर विचारायला हवं. मुख्य लाइनचा करंट आमच्याकडे होताच की. प्रक्रियेत एक ओळ कमी होती.

आता तुझ्या वजनाच्या मुद्द्यावर. नासाच्या मार्स क्लायमेट ऑर्बिटरची गोष्ट सगळ्यांना अर्धीच माहीत असते: २३ सप्टेंबर १९९९ ला मंगळापाशी यान गमावलं, कारण एका प्रोग्रामनं न्यूटन-सेकंदाऐवजी पौंड-सेकंदात आकडे दिले. सुमारे साडेचार पटींचा फरक. शाळेत एककं लिहा म्हणून सांगायला झकास. पण चौकशी अहवालात आणखी एक गोष्ट आहे जी कोणी सांगत नाही. या यानाला सौरपंख एकाच बाजूला होता. सूर्यप्रकाशाचा दाब अगदी बारीक असतो, पण एकाच पंखावर पडला की यानाला पीळ बसतो. तो पीळ आतली फिरती चाकं झेलतात, आणि चाकांचा वेग वाढत गेला की छोटे थ्रस्टर (यानाला ढकलणारी बारकी इंजिनं) उडवून तो उतरवायचा. हे काम अपेक्षेपेक्षा दहा ते चौदा पट जास्त वेळा करावं लागलं. प्रत्येक वेळी तो चुकीचा आकडा मार्गाच्या गणितात शिरला.

म्हणजे एककांची चूक जमिनीवर झाली खरी, पण तिला रोज खाऊ घातलं ते एकपंखी रचनेनं. रचना वाईट होती असं नाही. त्या रचनेमुळे जमिनीवरच्या माणसांचं काम किती पटींनी वाढतंय, हे मार्गवाल्यांच्या टेबलापर्यंत धड पोहोचलंच नाही.

हर्णैचा_नाना · सकाळी ९.४०

माझ्या फिल्टरचा इथं जाहीर पंचनामा चाललाय हे मला बायकोनं सांगितलं. दादा, पुढच्या वेळी विचारून लिही. आणि वीस मिनिटं नाही, पाऊण तास. फिल्टर बदलला की लाइनीत हवा धरते ती काढायची कोण? हातपंप मारायचा, नट ढिला करायचा, बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल गळू द्यायचं. आणि तो नट कुठे आहे? टाकीच्या मागे.

गच्चीवरचा_यागी · दुपारी १.२०

रत्नागिरीत इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्ही हॉस्टेलच्या गच्चीवर छोटं केंद्र लावलंय, विद्यार्थ्यांच्या उपग्रहांचे बीकन (ते सतत पाठवत असलेले ओळखीचे सिग्नल) ऐकायला. आधी यागी अँटेना आणि ती फिरवायला रोटेटर होता. उपग्रह जाईल तशी मान वळवायची. दोन पावसाळ्यांत खाऱ्या हवेनं रोटेटर असा खाल्ला की तो नैऋत्येला अडकला तो अडकलाच. मग सगळे पास एक जण पीव्हीसी पाइप हातात धरून, दुसरा मोबाइलवर दिशा ओरडून सांगतोय. पावसात छत्री धरायला तिसरा.

आता यागी काढून टाकली. चार दांड्यांची टर्नस्टाइल लावली, जी हलतच नाही. कान थोडा कमी आहे, लांबचे मंद सिग्नल हुकतात. पण रात्री कोणाला उठावं लागत नाही, पास आपोआप रेकॉर्ड होतात. (आयडी मात्र जुनाच राहिला.)

पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या 'स्वयम्' उपग्रहामध्ये हाच विचार दिसतो. २२ जून २०१६ ला पीएसएलव्ही-सी३४ बरोबर गेलेला, किलोभर वजनाचा. दिशा सांभाळायला फिरती चाकं वगैरे नाहीत, आत चुंबक. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी तो आपला आपण जुळतो. अचूक नाही, पण जे हलत नाही त्याला आदेशही द्यावे लागत नाहीत.

शेवग्याची_शेंग · दुपारी २.१०

'छत्री धरायला तिसरा' 😄

पण मग माका एक सांगा, यानालाच सगळा ठरवूक दिला तर? जमिनीवरच्या माणसांची भानगडच नको. मंगळयानाच्या वेळी आदेश आधीच भरून ठेवले होते असं वाचलं होतं.

बुरोंडीकर · दुपारी ३.३०

बरोबर वाचलंत. २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळयान कक्षेत शिरलं तेव्हा संदेश पोहोचायला एका बाजूने साडेबारा मिनिटांच्या आसपास लागत होते. इंजिन जळणार चोवीस मिनिटं, त्यातला काही काळ यान मंगळाच्या आड. इथून 'थांब' म्हणून उपयोग शून्य, त्यामुळे सगळे आदेश आधीच चढवले. मला जास्त आवडतं ते दोन दिवस आधीचं: जवळजवळ तीनशे दिवस झोपलेलं मुख्य इंजिन २२ तारखेला फक्त चारेक सेकंद पेटवून पाहिलं. आणि ते नाहीच पेटलं तर आठ छोट्या थ्रस्टरवर भागवायची योजना तयार होती. नानाच्या भाषेत, बंदराबाहेर पडायच्या आधी एकदा किक मारून बघितली, आणि वल्ही होडीतच होती.

न्यू होरायझन्स प्लूटोला जाताना तर दोन तृतीयांश वाट झोपून गेलं, एकूण १,८७३ दिवस. झोपेत ते आठवड्याला एकदा नुसता सूर पाठवायचं. हिरवा सूर म्हणजे ठीक आहे, लाल म्हणजे या. आकड्यांचा ढीग नाही. मोठ्या अँटेना आणि मोठी टीम इतक्या वर्षांसाठी अडकून पडली नाही. असा सूर ऐकायला माणूस अर्धवट जागा असला तरी चालतो.

चिकित्सक_चंद्या · दुपारी ४.०२

आणि ४ जुलै २०१५? प्लूटो दहा दिवसांवर, आणि तेच यान गप्प झालं. संगणकाला एकाच वेळी जुना डेटा दाबून बसवायला आणि नवी आदेशमाला साठवायला सांगितलं, त्याला झेपलं नाही. हे तुमच्या सोप्या ऑपरेशनचं पोस्टर!

स्वयंचलित केलं की गुंतागुंत जात नाही, वर जाते. जमिनीवर चुकलेला माणूस दुसऱ्या दिवशी दुरुस्त करतो. वर चुकलेला प्रोग्राम साडेचार तास लांब असतो.

बुरोंडीकर · सायं. ५.१५

हा मुद्दा खरा आहे आणि त्यातून माझी सुटका नाही. फक्त पुढचं पण सांग. संगणक अडखळल्यावर यानानं स्वतःहून दुसरा संगणक घेतला, अनावश्यक कामं बंद केली आणि पृथ्वीला हाक मारली. तासाभराहून जास्त वेळ शांतता, मग संपर्क. तीन दिवसांत गाडी रुळावर आणि १४ जुलैला प्लूटो. सेफ मोड हाही ऑपरेशनचाच भाग आहे. 'काही कळेनासं झालं तर सूर्याकडे तोंड कर, कमी बोल, वाट बघ.' खालच्या माणसाला विचार करायला दिवस मिळाला पाहिजे.

व्हॉयेजर २ चं तर अजून ताजं आहे. जुलै २०२३ मध्ये चुकीच्या आदेशानं अँटेना दोन अंश हलली आणि संपर्क गेला. ४ ऑगस्टला कॅनबेराच्या अँटेनातून जोरात ओरडून ते वळवलं. पण ते नसतं जमलं तरी १५ ऑक्टोबरला यान आपलं आपण दिशा जुळवणार होतं, कारण वर्षातून काही वेळा तसं करायचं हे त्याच्यात आधीपासून भरलेलं होतं. १९७७ साली उडालेलं यान. कोणीतरी तेव्हा गृहीत धरलं होतं की पुढे कधीतरी खालची मंडळी चुकतील. 'चुकणार नाहीत' असं गृहीत धरणाऱ्यांची उदाहरणं पाहा:

फोबोस १, सोव्हिएत, १९८८. जमिनीवरच्या चाचणीसाठीचा प्रोग्राम उडण्याआधी काढायला वेळ नव्हता, तसाच आत राहिला. एका आदेशात एक अक्षर गळलं, आणि नेमका तोच जागा झाला. दिशा सांभाळणारे थ्रस्टर बंद, सौरपॅनेलं सूर्यापासून वळली, खेळ खलास. सगळे त्या अक्षर गाळणाऱ्याला बोलतात. मला राग येतो तो एका अक्षराच्या अंतरावर मरण ठेवणाऱ्याचा.

ह्युजेन्सचं जरा वेगळं. शनीच्या टायटनवर उतरणारं यान, त्याचा आवाज ऐकायचा त्याला घेऊन गेलेल्या कॅसिनी यानानं. उडून गेल्यावर, २००० साली, कोणीतरी हट्टानं पृथ्वीवरून खोटा सिग्नल पाठवून तपासलं तेव्हा कळलं की दोघांच्या वेगातल्या फरकानं सिग्नल सरकला की रिसीव्हरला तो नीट वाचताच येणार नाही. दुरुस्ती म्हणजे एक-दोन आकडे बदलणं. पण ते आकडे पृथ्वीवरून बदलायची सोयच ठेवली नव्हती! शेवटी आकडा बदलता येत नाही म्हणून कॅसिनीचा मार्ग बदलला, लांबून जाऊ दिलं. १४ जानेवारी २००५ ला उतरलं. त्यातही कॅसिनीवरचा एक रिसीव्हर चालू करायचा आदेश यादीत राहून गेला आणि साडेतीनशेच्या आसपास फोटो गेले.

उलट बाजूला मार्स पाथफाइंडर, १९९७. मंगळावर संगणक मधेच पुन्हा सुरू व्हायला लागला. पण प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी दोष शोधायची साधनं उडतानाही आतच ठेवली होती. इथल्या जुळ्या यंत्रावर तोच गोंधळ पुन्हा घडवला, कारण सापडलं, एक खूण बदलून पाठवली. कोणी म्हणेल फोबोसमध्येही चाचणीचं सामान राहिलं, पाथफाइंडरमध्येही राहिलं. फरक एवढाच की एकानं विसरून ठेवलं, दुसऱ्यानं ठरवून.

गच्चीवरचा_यागी · सायं. ६.००

शेवटचा परिच्छेद आमच्या सरांना दाखवणार आहे. ते कालच म्हणाले, डीबगचा कोड काढून टाका, 'प्रोफेशनल' दिसत नाही.

अलिबागचा_जावई · रात्री ८.२५

थोडं अवांतर, पण फार नाही. आमच्या सासुरवाडीला चुंबकीय वेधशाळा आहे. आधी ती मुंबईला कुलाब्याला होती. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर सुया हलणार हे उघड होतं, म्हणून १९०४ मध्ये अलिबागला हलवली, लोखंड टाळून बांधलेल्या खोल्यांत. माझ्या मते खरी हुशारी पुढे आहे. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजमापं चालू ठेवली, म्हणजे जुन्या-नव्या आकड्यांतला फरक कळावा आणि मालिका तुटू नये.

उपग्रहांतही समुद्राची पातळी मोजणाऱ्या टोपेक्स-पोसायडन आणि जेसन-१ नं हेच केलं. नवा २००१ च्या शेवटी उडाला, आणि काही महिने दोघं एकाच कक्षेत मिनिटभराच्या अंतरानं मागेपुढे, एकच पाणी मोजत. बदलीवर आलेल्या तलाठ्याला जुन्यानं आठ दिवस सोबत बसून दफ्तर समजावून द्यावं तसं. (तलाठी असं करत नाहीत हे माहीत आहे.)

हर्णैचा_नाना · रात्री ९.१०

दादा, तू झोप झोप म्हणतोस, मग शिफ्टवाल्यांची वेळ कोण ठरवतं? घड्याळ की उपग्रह?

बुरोंडीकर · रात्री ९.३५

उपग्रह. आणि सगळ्यात वाईट हाल मंगळवाल्यांचे. २००४ च्या जानेवारीत स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी या दोन बग्ग्या मंगळावर उतरल्या तेव्हा कॅलिफोर्नियातली टीम पहिले तीनेक महिने मंगळाच्या दिवसाप्रमाणे जगली. तो आपल्यापेक्षा चाळीस मिनिटांनी मोठा. म्हणजे कामाची वेळ रोज चाळीस मिनिटं पुढे. आज सकाळी आठ, दोन-अडीच आठवड्यांनी रात्री आठ. खास मंगळाची घड्याळं करून घेतली होती. माणसं पार पिळून निघाली.

हर्णैचा_नाना · रात्री ९.५०

हात्तिच्या. म्हणजे आमचंच की. पाणी रोज पाऊण तास पुढे सरकतं, आम्ही जन्मभर त्यावरच उठतो. त्याला घड्याळ कशाला? तिथीची पाऊणपट. आज सप्तमी, सात पाऊण सव्वापाच, सव्वापाचला भरती. आजोबांना सही करता येत नव्हती पण पाऊणकीचा पाढा येत होता. पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे होतात, कधी जास्त, होडी काढायला तेवढं चालतं.

शेवग्याची_शेंग · रात्री १०.०५

नाना, ह्या बरा सांगितलांत! उद्या सातवीच्या वर्गात हाच पाढा.

बुरोंडीकर · रात्री १०.२०

नान्या, हे मी लहानपणापासून ऐकतोय आणि शिफ्टमध्ये बसून कधी आठवलं नाही. आमच्याकडे पास कधी येणार याची रोज सहा पानांची छापील यादी असायची. त्यातले दोन आकडे लागायचे, बाकी सगळं ज्यानं प्रोग्राम लिहिला त्याच्या हौसेखातर. रात्री तीनला त्या यादीत चुकीच्या ओळीवर बोट ठेवणारे मी स्वतः तीन जण पाहिलेत. एक मीच.

तुझ्या आजोबांच्या सूत्राची अचूकता कमी, पण ते अंधारात, भिजलेल्या हातांनी, डोक्यातल्या डोक्यात चालतं. आणि किती चुकू शकतं हे वापरणाऱ्याला माहीत असतं.

चिकित्सक_चंद्या · रात्री १०.४१

बरं, हे मला पटलं. अचूकता कमी करून ढील ठेवणं. चांद्रयान-२ च्या वेळी उतरायची जागा होती ५०० मीटर बाय ५०० मीटर. चांद्रयान-३ ला ती ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर केली, इंधन वाढवलं, पाय जास्त वेग सोसतील असे केले. 'काय काय बिघडू शकतं' तिथून सुरुवात करून आखलेलं यान. २३ ऑगस्ट २०२३ आपण सगळ्यांनी पाहिलाच. पण पहिल्या अनुभवाशिवाय ही ढील कुठे ठेवायची ते कळलं असतं का? माझी शंका तिथेच आहे. कागदावर सगळीकडे ढील ठेवली तर यान उडणारच नाही.

बुरोंडीकर · रात्री १०.५८

नसतं कळलं, निदान सगळं नाही. म्हणून तर म्हणतो, पूर्वीचं यान ज्यांनी चालवलं त्यांना पुढच्याच्या पहिल्या बैठकीला बसवा. शेवटच्या नको, तेव्हा फक्त मॅन्युअल हातात देतात. त्या बाईंना, ज्यांनी करंटचा आकडा पाहिला, पुढच्या उपग्रहाच्या आखणीत कोणी विचारलं नाही. त्या निवृत्त झाल्या. त्यांच्या वहीत अशा दीडेकशे ओळी होत्या.

गच्चीवरचा_यागी · रात्री ११.०३

ती वही कुठे आहे?

बुरोंडीकर · रात्री ११.१०

त्यांच्या घरी असेल. नाहीतर रद्दीत.

हर्णैचा_नाना · चार दिवसांनी, दुपारी १२.१५

धागा वर काढतोय. फिल्टर पुढे घेतला. तीन फूट नळी आणि दोन क्लिपा, मिस्त्रीनं दुपारभरात केलं. आता दारातच आहे, उभ्यानं बदलता येतो, हवा पण तिथूनच काढता येते. फक्त डबे घेऊन आत-बाहेर करणारा पोरगा येता-जाता त्याला लाथ मारतो.

बुरोंडीकर · दुपारी १२.४०

पत्र्याचं कवच लाव त्याला.

हर्णैचा_नाना · दुपारी १२.५२

लावलं कालच. ते काढायला पाना लागतो.